तोल सावरण्याची विद्या



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, की यंदा आम्ही तोल गेलेल्या माणसांच्या व्यायामावर बोलू. ते क्षणभर थांबले. त्यांना वाटले असावे, की हा विषय डॉक्टरांचा. तो डॉक्टरांचा आहेच. आम्ही डॉक्टर नाही; आमची शाळा चौथीतच सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयाने केले. परंतु जिनिंगमधले, तेलगिरणीतले, चटईच्या कारखान्यातले आणि मार्केट यार्डातले कामगार यांच्यात तीस वर्षे हिंडताना हा विषय आमच्यापुढे इतक्या वेळा आला, की तो समजून घेण्यावाचून आम्हांला गत्यंतर उरले नाही. जे समजून घेतले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू.

प्रथम रोग म्हणजे काय ते पाहू. माणूस चालतो, पण पाय फाकून, झोकांड्या खात चालतो. पाण्याचा पेला उचलायला हात पुढे करतो, पण हात पेल्याच्या अलीकडे किंवा पलीकडे जातो. सदऱ्याची गुंडी लागत नाही. बोलताना शब्द तुटतात, लांबतात. हातापायांत जोर असतो, लकवा नसतो, बुद्धी शाबूत असते. तरीही हालचालींचा मेळ बसत नाही. वैद्यकशास्त्र याला ॲटॅक्सिया म्हणते. आपल्या घरांत म्हणतात, 'त्याचा तोल जातो.'

हा मेळ बसवतो कोण? डोक्याच्या मागच्या बाजूस, मोठ्या मेंदूच्या खाली लहान मेंदू असतो. १८२४ साली फ्लूरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कबुतराचा लहान मेंदू काढला तर ते पंख हलवू शकते, पाय हलवू शकते, पण त्याला धड चालता येत नाही आणि धड उडता येत नाही, असे त्याला दिसले. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने माणसाच्या बाबतीत हेच तपशिलाने लिहून ठेवले.

आमच्या वडिलांच्या पिढीने जळगावची खानदेश मिल पाहिली, अमळनेरची प्रताप मिल पाहिली, धुळ्याची न्यू प्रताप मिल पाहिली. आज त्यांचे भोंगे वाजत नाहीत, पण खात्याची रचना पुष्कळांच्या ध्यानात असेल. मॅनेजर हुकूम देतो, कामगार साचा चालवतो, आणि मध्ये जॉबर असतो. जॉबर स्वतः कापड विणत नाही. कोणता साचा केव्हा चालू करायचा, कोठे वेग कमी करायचा, कोठे धागा तुटला, हे पाहणे त्याचे काम. एक दिवस जॉबर आला नाही, तर मॅनेजरही जागेवर असतो, कामगारही असतात, यंत्रेही चालतात. आणि तरी कापड बिघडते. लहान मेंदू हा शरीराचा जॉबर आहे. त्याच्याकडे खालून बातमी पोचवणाऱ्याही तारा आहेत. पाय कोठे टेकला, गुडघा किती वाकला, हे पाठीच्या कण्यातल्या ज्ञानतंतूंवरून वर कळते. त्या तारा तुटल्या तरीही तोल जातो. अशा माणसाला उजेडात जमिनीकडे पाहत चालता येते, आणि अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तो कोलमडतो.

आता कारणे. ही नीट ऐका, कारण व्यायाम सुरू करण्याआधी कारण शोधणे हे पहिले काम आहे. काही कारणे अशी आहेत, की ती वेळीच ओळखली तर पुढचे दुःख टळते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तर कण्यातले ज्ञानतंतू खराब होतात. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून मिळते; कडक शाकाहारी आणि दूधदुभतेही बेताचे, अशा घरांत ते कमी पडण्याचा संभव अधिक. त्यावर इंजेक्शने आहेत आणि ती स्वस्त आहेत. थायरॉईड ग्रंथी मंदावल्यानेही तोल जातो. त्यावर गोळी आहे. फिट्स येणाऱ्याला फेनिटोइनची गोळी देतात. तिचे प्रमाण अंगाला जास्त झाले तर माणूस लटपटतो. ती आपल्या मनाने बंद करू नये, फिट्स उसळतात. डॉक्टरांकडून प्रमाण तपासून घ्यावे. वर्षानुवर्षांच्या दारूने लहान मेंदू झिजतो, हेही खरे आहे.

आणि एक कारण आपल्या खानदेशचे म्हणून सांगतो. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात खडी फोडणारा, ट्रक उतरवणारा, पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीपुढे उभा राहणारा माणूस उष्माघाताने पडतो. शरीराचे तापमान ४० अंशांवर चढते, तो बरळू लागतो, शुद्ध हरपते. त्या तापात लहान मेंदूतल्या पुर्किंजे नावाच्या पेशी फार लवकर जळतात. माणूस वाचतो, घरी येतो, आणि मग कळते, की त्याचे चालणे व बोलणे पूर्वीसारखे राहिलेले नाही. म्हणून असा माणूस दिसताच त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि मगच गाडीची वाट पाहा. त्या पहिल्या मिनिटांत ओतलेले पाणी पुढच्या वर्षांच्या व्यायामापेक्षा मोलाचे आहे. दुपारी १२ ते ४ उन्हातले काम बंद ठेवा अशी मागणी आम्ही करतो, तेव्हा ती आळशीपणाची मागणी म्हणून हसण्यावारी नेली जाते. हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तोल एकाएकी गेला, त्याबरोबर उलट्या, डोकेदुखी, दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे असे झाले, तर तो लहान मेंदूचा झटका असू शकतो. तेथे व्यायाम नाही, लिंबू उतरवणे नाही. तडक मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

काही प्रकार आनुवंशिक असतात. फ्रीडराइख या जर्मन डॉक्टरने १८६३ साली वर्णन केलेला प्रकार बहुधा लहान वयात सुरू होतो. त्यात आईबाप दोघेही निरोगी दिसतात, पण दोघांकडूनही तोच दोष मुलाकडे येतो. नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो, आणि मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या आपल्या प्रांताने हे जाणून असावे. दुसरे प्रकार प्रौढ वयात दिसतात, आणि त्यांत प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याचा संभव निम्मा असतो. यांतला १२ क्रमांकाचा प्रकार भारतात अग्रवाल समाजात विशेषेकरून आढळतो, असे आपल्याच देशातल्या संशोधकांनी दाखवले आहे. याचा अर्थ कोणत्याही समाजाला बोल लावावा असा होत नाही. प्रत्येक जातीच्या रक्तात काही ना काही वारसा असतोच. दुःख याचे वाटते, की मुलामुलींची लग्ने अडतील या भीतीने घरे रोगी माणसाला आतल्या खोलीत लपवतात. लपवलेल्या माणसाचा व्यायाम होत नाही, आणि हालचाल थांबलेला माणूस रोगापेक्षा लवकर खचतो.

येथून आपण मुख्य विषयाकडे येतो. व्यायामाने काय होते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये हायडेन नावाच्या गावी हाइनरिख फ्रेंकेल नावाचा डॉक्टर होता. त्याच्याकडे कण्याचे ज्ञानतंतू गेलेला एक रोगी आला. डॉक्टरने त्याला बोट नाकाला लावायला सांगितले. त्याला ते साधले नाही. काही महिन्यांनी तोच रोगी परत आला आणि त्याने बोट बरोबर नाकाला लावून दाखवले. डॉक्टर चकित झाला. विचारले तेव्हा कळले, की परीक्षेत नापास झाल्याची त्या माणसाला लाज वाटली, म्हणून तो घरी रोज सराव करीत होता. औषध नव्हते, यंत्र नव्हते. होता केवळ सराव. फ्रेंकेलने त्यावरून व्यायामांची पद्धतशीर मालिका बसवली आणि १८९० साली तिच्यावर पहिला निबंध लिहिला. व्यायामोपचाराच्या महाविद्यालयांत फ्रेंकेलचे व्यायाम आजही शिकवतात. आमच्या दृष्टीने यातली मौज अशी, की शोध लावला रोग्याने. डॉक्टरचा मोठेपणा हा, की त्याने रोग्याला विचारले आणि त्याचे ऐकले.

ज्ञानतंतू तुटलेल्याने डोळ्यांच्या मदतीने शिकावे, हे पटण्यासारखे होते. पण ज्याचा लहान मेंदूच झिजत चालला आहे, त्याने काय शिकायचे? शिकवणाराच गेला तर शाळा कशी भरणार? ही शंका डॉक्टरांनाही दीर्घकाळ होती. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी १६ रोग्यांना ४ आठवडे तोल व समन्वयाचे कसून शिक्षण दिले. त्यांचे चालणे सुधारले, आणि घरी सराव चालू ठेवल्यावर वर्षानंतरही त्यातला लाभ टिकलेला दिसला. २०१२ साली जपानमध्ये ४२ रोग्यांवर असाच प्रयोग झाला व तसाच गुण आला. २०१४ साली अमेरिकेत १४ रोग्यांना ६ आठवड्यांचा व्यायाम त्यांच्या घरीच करायला दिला. त्यांची चाल सुधारली. ज्यांचा व्यायाम त्यांच्या तोलाची अधिक कसोटी पाहणारा होता, त्यांचा वेग अधिक सुधारला. सोपा व्यायाम तासभर करण्यापेक्षा किंचित अवघड व्यायाम थोडा वेळ करणे श्रेयस्कर, हे त्यावरून शिकावे.

तोल सुधारला म्हणजे रोग गेला, असे मात्र कोणी समजू नये. झिजणारा मेंदू झिजतच असतो. फ्रीडराइखच्या रोगावर २०२३ साली अमेरिकेत पहिले औषध मान्य झाले, पण ते सामान्य माणसाच्या खिशाच्या फार पलीकडचे आहे. व्यायाम त्या उताराला बांध घालतो. दोन वर्षांनी हाती येणारी काठी चार वर्षांनी हाती आली, तर मधली दोन वर्षे ही मजुराच्या घरात दोन वर्षांची मजुरी असते. बांध घालण्याची किंमत शेतकऱ्यांच्या या मुलखाला समजावून सांगायला नको.

घरच्या घरी का, तेही सांगतो. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे. पण साक्रीच्या पलीकडच्या गावाहून किंवा यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून आठवड्याला तीनदा कोण येणार? एसटीचे भाडे लागते, आणि तोल जाणाऱ्या माणसाबरोबर दुसरा माणूस लागतो, म्हणजे दोन खाडे. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी तज्ज्ञाला दाखवावे, त्याच्याकडून आपल्यापुरता व्यायाम ठरवून घ्यावा, आणि रोजचा सराव घरी करावा, हाच व्यवहार्य मार्ग.

त्या व्यायामांचे स्वरूप असे. आरंभ निजून. उशीला डोके उंच ठेवायचे, म्हणजे स्वतःचे पाय दिसतात. एक टाच अंथरुणावरून सावकाश सरकवत गुडघा वाकवायचा, पुन्हा सरळ करायचा. तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजायचे आणि त्या ठेक्यावर पाय न्यायचा. मध्येच थांबायचे, पुन्हा चालू करायचे. झपाट्याने पाय फेकणे सोपे असते. सावकाश नेणे अवघड, आणि शिक्षण त्या सावकाशीतच आहे.

मग बसून. पाठ टेकता येईल अशा भक्कम खुर्चीवर किंवा भिंतीला लावलेल्या बाजेवर बसावे. समोर जमिनीवर खडूने चार-सहा फुल्या काढाव्यात. सांगणाऱ्याने एकेक फुली सांगावी आणि पायाचा अंगठा तिच्यावर नेमका टेकवावा. आपल्या बायका रांगोळीचे ठिपके ज्या नेमकेपणाने काढतात, तो नेमकेपणा येथे पायाने साधायचा. हातासाठी ताटात भुईमुगाच्या शेंगा घ्याव्यात आणि एकेक उचलून वाटीत टाकाव्यात. ते साधले, की हरभरे घ्यावेत. खुर्चीवरून उठणे आणि बसणे हाही व्यायामच आहे: पाय मागे घ्या, अंग पुढे झुकवा, उठा, आणि बसताना धपकन बसू नका, मोजत बसा.

मग उभे राहून. घराचा कोपरा निवडावा. दोन भिंती पाठीशी, पुढे खुर्चीची पाठ. कोणीकडेही तोल गेला तरी आधार आहे. प्रथम पाय फाकून, मग जुळवून, मग एका पायापुढे दुसरा ठेवून उभे राहावे. ते जमू लागले, की मान डावीउजवीकडे वळवावी, किंवा हातातला तांब्या या हातातून त्या हातात घ्यावा. मग भिंतीलगत आडवे चालणे, खडूने काढलेल्या पावलांवर पाय ठेवून चालणे, वळणे. वळताना माणसे अधिक पडतात. म्हणून गर्रकन न वळता चार लहान पावलांत वळावे.

जवळ उभे राहणाऱ्याने दंड धरून ओढू नये. रोग्याच्या कमरेला पंचा घट्ट बांधावा आणि पाठीमागून तो पंचा हातात सैल धरावा. तोल जाईल तेव्हाच आवळावा. दिवसाला वीस मिनिटे, आठवड्यातून पाच-सहा दिवस पुरे. दमलेल्या अंगाने व्यायाम करू नये, कारण दमल्यावर हालचाल बिघडते आणि बिघडलेलीच हालचाल अंगवळणी पडते. एक वही ठेवावी आणि आज आधाराविना किती सेकंद उभा राहिला, किती पावले टाकली ते लिहावे. महिन्याने ती वही वाचली, की धीर येतो.

घरही थोडे बदलावे लागते. गोधडीची टोके वाटेत नकोत. मोरी कोरडी असावी आणि तेथे धरायला लोखंडी नळी भिंतीत पक्की बसवावी. रात्री एक दिवा जळता ठेवावा. उंबऱ्यावर रंगाचा पट्टा मारावा. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तो रोगाचाच भाग आहे. डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही कामगार चळवळीच्या नात्याने उभे आहोत, ती सांगतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात पंधरा वर्षे बिनतक्रार काम केलेल्या एका कामगाराला दरवाजावर अडवले. चालताना झोक जात होता, बोलणे जड झाले होते. 'दारू पिऊन कामावर आला' असा आरोप ठेवून निलंबन झाले. त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आरोप ठेवण्यापूर्वी श्वासाची किंवा रक्ताची कसलीही तपासणी झाली नव्हती. आम्ही त्याला घेऊन तज्ज्ञाकडे गेलो. मेंदूचा फोटो निघाला. लहान मेंदू झिजल्याचे कागदावर आले. चार महिने भांडल्यावर आरोप मागे घेतला गेला आणि त्याला यंत्रापासून दूर, बसून नोंदी करण्याचे काम मिळाले. त्या चार महिन्यांत गावाने त्याला बेवडा ठरवले. त्याची मुलगी शाळेत जाईना. यंत्राने हात तुटला तर निदान लोक हळहळतात. येथे रोग हाच गुन्हा ठरला. तो आज काठी घेऊन चालतो, रोज सकाळी कोपऱ्यात उभा राहून व्यायाम करतो. रोग पुढे सरकतो आहे, पण घर चालले आहे.

२०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आहे. त्यांत चलनवलनाचे दिव्यांगत्व आहे आणि मेंदू-मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकारही आहेत. त्याचे प्रमाणपत्र मिळते, ओळखपत्र मिळते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही की त्याचा दर्जा उतरवता येत नाही. पहिले काम झेपत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. हे संरक्षण सरकारी नोकराला आहे. जिनिंगमधल्या हंगामी कामगाराला आणि कंत्राटी मजुराला ते नाही. खासगी कारखान्यांतही ते लागू व्हावे, ही आमची मागणी आहे.

आणखी एक हिशेब मांडायचा आहे. 'घरी व्यायाम करा' असे डॉक्टर म्हणतात आणि सरकार त्यावर समाधानाने मान डोलावते. कारण त्यात सरकारचे काही जात नाही. पण घरी म्हणजे कोणी करवून घ्यायचा? बायकोने, सुनेने, शाळकरी मुलीने. ती बाई पहाटे भाकरी थापते, दिवसा कापूस वेचायला जाते, संध्याकाळी पाणी भरते, आणि त्यात तिने कमरेचा पंचा धरून वीस मिनिटे उभे राहायचे. तिच्या पाठीत कळ आली तर तिची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. हे काम आहे, मायेने केलेले असले तरी काम आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की आशाताई जशी गरोदर बाईची विचारपूस करते, तसा व्यायामोपचार जाणणारा माणूस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्यातून एकदा अशा घरी गेला पाहिजे. आणि तोवर घरातल्या पुरुषांनी पाळी लावून घ्यावी. पंचा धरायला पुरुषाचे हात चालतात.

शेवटी आपल्या शहराकडे एक मागणे आहे. धुळे-जळगावात जुन्या तालमी आहेत, व्यायामशाळा आहेत, वाचनालयांचे दिवाणखाने आहेत. सकाळी दहानंतर त्यांतल्या पुष्कळ रिकाम्या असतात. आठवड्यातून एक तास एखादी जागा तोल जाणाऱ्या माणसांसाठी मोकळी ठेवा. भिंतीला धरायला एक दांडी, जमिनीवर रंगाच्या पावलांची एक ओळ, दहा भक्कम खुर्च्या आणि महिन्यातून एकदा येणारा तज्ज्ञ, एवढे भांडवल पुरे. एकट्याने घरी करायचा कंटाळा चौघांत जातो. आणि आपल्यासारखा दुसराही आहे हे पाहिल्याने माणसाला बळ येते. संघटनेचे तत्त्व याहून निराळे नाही. ज्यांना या कामात पडायचे असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत. पहिल्या तासाला खडू घेऊन फुल्या काढायला आम्ही हजर राहू.